चपला घालून वेदीपर्यंत

आमच्या चर्चच्या दारात चपला काढायच्या, ही मंडळीची जुनी पद्धत आहे. कॅम्पातल्या मोठ्या दगडी चर्चमध्ये लोक बूट घालून बाकांवर बसतात, ते मी पाहिलं आहे. आमचं चर्च वारज्यात, पत्र्याच्या छपराचं. खाली सतरंज्या, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, भिंतीला लागून म्हाताऱ्यांसाठी चार खुर्च्या. आम्ही बहुतेक सगळे नगरकडच्या खेड्यांतून आलेलो. देवाच्या दारात पायताण काढायचं हे आमच्या रक्तातच आहे. लग्न होऊन या मंडळीत आले तेव्हापासून मीही काढत आले. मागच्या वर्षी काढणं बंद केलं. त्याचं काय झालं ते लिहिते आहे. कोणाला वाचायला द्यायचं नाही. पण तोंडाने सांगायला गेले की निम्मं गिळलं जातं, म्हणून लिहिते.

मी चौथी शिकले. दोन घरी स्वयंपाक करते. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, घरात मी आणि मुलगी. ती हिंजवडीला एका ऑफिसात आहे, कंपनीच्या बसने जाते-येते. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या घशाला कोरड पडते. भगिनी मंडळात सगळ्याजणी पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करतात. माझी पाळी आली की मी ‘आमेन’ म्हणते आणि शेजारणीकडे बघते. आता माझी पाळी आली की शेजारीण आपण होऊनच सुरू करते.

तर मागच्या वर्षीचा गुड फ्रायडे. त्या दिवशी सकाळी आमची मंडळी लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन चर्चपासून कालव्याच्या कडेने टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाते. अनवाणी. उन्हाळ्याचे दिवस, डांबर तापलेलं. लोक कडेच्या मातीवरून चालतात, झाडाची सावली दिसली की तिच्यात उगाच थांबतात, गाणं म्हणता म्हणता एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात. चर्चच्या कमिटीतले एक, ज्यांना सगळे थोरले भाऊ म्हणतात, ते दरवर्षी जाड मोजे घालतात. मोजे पायताणात धरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी डांबराच्या मधोमध चालले. मला काही वाटलंच नाही. ऊन डोक्याला लागत होतं, पायांना नाही. पायाखाली कापूस असल्यासारखं मऊ मऊ होतं. मी म्हटलं, ही प्रभूचीच कृपा.

दुपारच्या भक्तीत पाळकसाहेबांच्या बायको, आमच्या पाळकीणबाई, उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “आपल्या या ताई कधी तोंड उघडत नाहीत. पण आज मी त्यांचा विश्वास बघितला. आम्ही सगळे चटके खात होतो, आणि ताई निखाऱ्यांवरून चालाव्यात तशा शांत. हा विश्वास मागा, भगिनींनो!” सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. मी पदर ओढून खाली बघत बसले. पण आतून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मंडळीत कधी कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

घरी आले. मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, “आई, हे फरशीवर काय गं? पाणी सांडलंस का?” पाणी नव्हतं. माझ्या पायाचे फोड फुटून ओली पावलं उमटली होती, दारापासून मोरीपर्यंत. तिने मला पाटावर बसवलं, पाय हातात घेतला आणि रडायलाच लागली. उजव्या अंगठ्याखालची कातडी एखाद्या पुरीसारखी वर आली होती. मी तिला म्हणत होते, “अगं, दुखत नाही.” ती म्हणाली, “तेच तर!”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. शुगर मला आहे हे ठाऊक होतं, गोळीही घेत होते, आठवली की. त्यांनी टेबलावर झोपवलं आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी हातात घेतलं. म्हणाल्या, “मावशी, डोळे मिटा. तळव्याला हे लागलं की ‘हो’ म्हणायचं.” मी डोळे मिटून वाट बघत राहिले. बराच वेळ गेला. त्यांना कोणाचा फोन आला असेल असं वाटलं. शेवटी मीच म्हटलं, “सुरू करा की, बाई.”

त्या म्हणाल्या, “झालं, मावशी.”

त्या दिवशी मला कळलं की जो विश्वास म्हणून सगळ्या मंडळीने बघितला, तो विश्वास नव्हता. पाय मेला होता. आणि पाय मेला म्हणून मंडळीने हालेलुया म्हटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी चिघळलेला अंगठा दाखवून सांगितलं, हा वाचला तर वाचला, नाहीतर कापावा लागेल, आणि कापणं अंगठ्यापाशी थांबेल असं नाही. हे मला सांगायची गरज नव्हती. माझ्या आईचा पाय गुडघ्याखालून कापला होता. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. गावाकडच्या घरात ती शेवटची वर्षं उंबऱ्याशी बसून असायची आणि कोणी आलं की लुगडं पसरून तो उरलेला पाय झाकायची. तिला बघायला येणारे सगळे एकच सांगायचे, “देह काय, मातीचा. आत्मा जपा.” ती मान हलवायची. एकदा ते लोक गेल्यावर मला म्हणाली, “मातीचा तर मातीचा. पण माती कसायला पण पाय लागतात.”

तिचं असं झालं होतं. माझं होऊ द्यायचं नाही, हे मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सोपं होतं. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. रोज संध्याकाळी आरशात तळवे बघायचे. पाय कोमट पाण्याने धुवायचे, पाणी कोपराने बघायचं, पायाने नाही. आणि पुसायचे. बोटांच्या मध्ये, एकेक बोट बाजूला करून, कोरडं होईस्तोवर. “धुतात सगळे, मावशी. पुसत कोणी नाही. ओल राहते आणि तिथेच कुजतं.”

मुलीने मंडईच्या मागच्या गल्लीतून मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला आणल्या. एक जोड रस्त्याला, एक आमच्या घरात, एक कामाच्या घरांत घालायला, एक चर्चला. माझ्या मापात गुलाबीच होत्या.

पहिली परीक्षा कामावर. एका घरच्या काकू खूप सोवळ्याच्या. मी पिशवीतून चपला काढून ओट्यापाशी घातल्या तेव्हा त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.

“हे काय?”

“घरातल्या आहेत, काकू. कोऱ्या. डॉक्टरांनी सांगितलंय, अनवाणी चालायचं नाही.”

“आमच्याकडे अन्नपूर्णासुद्धा स्वयंपाकघरात अनवाणीच येते.”

मला उत्तर सुचलं होतं, पण ते मी गिळलं. मी एवढंच म्हटलं, “मग मला काम सोडावं लागेल, काकू.”

त्यांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, “लगेच सोडायची भाषा! रोज धुऊन घालायच्या. आणि देवघराकडे फिरकायचं नाही.”

“देवघराकडे मी तशीही फिरकत नाही, काकू.”

“हो, ते एक बरंय तुमचं,” असं म्हणून त्या पेपर वाचायला गेल्या. झालं. मला वाटलं होतं महाभारत होईल.

मग मी मनात म्हटलं, जिथे मी परकी तिथे जमलं, तर माझ्या माणसांत का जमणार नाही?

रविवारी चर्चच्या पायरीवर मी रस्त्याच्या चपला काढल्या, फडक्याने पाय पुसले आणि चर्चचा जोड घातला. तो जोड रस्त्याला कधी लागलाच नव्हता. दारात थोरले भाऊ गीतांची पुस्तकं वाटत उभे होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

“ताई, विसरलात वाटतं.”

“नाही भाऊ. पायाला जखम आहे. डॉक्टरांनी...”

“जखम बाहेर, देव आत. जळत्या झुडपापुढे मोशेलासुद्धा वहाणा काढायला लावल्या देवाने. तुम्ही मोशेपेक्षा मोठ्या का?”

जे उत्तर काकूंना द्यायचं राहिलं होतं, ते इथे बाहेर पडलं. “मोशेला शुगर नव्हती, भाऊ.”

माझ्या मागे कोणीतरी फस्सकन हसलं. भाऊंचे कान लाल झाले. मी स्वतःच घाबरले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. ते म्हणाले, “शास्त्राची चेष्टा करता? पडवीत खुर्ची टाकतो. तिथे बसून ऐका. स्पीकर आहे.”

मी पडवीत बसले. पूर्ण पावसाळा तिथेच बसले. आत माणसं आणि बाहेर त्यांच्या चपला आणि मी. प्रवचन स्पीकरवरून यायचं आणि माझ्यासमोर मंडळीच्या सगळ्या चपला पसरलेल्या असायच्या. इतका वेळ त्यांच्याकडे बघायला मिळालं की कोणाची टाच एका बाजूने झिजली आहे, कोणाचा अंगठा तुटून तारेने बांधला आहे, कोणाच्या तळातून खिळा वर आला आहे, हे मला पाठ झालं. तो खिळा मी एकदा दगडाने ठोकून बसवला. पाळकसाहेब त्या वेळी देहाच्या वासनांवर बोलत होते. मी ठोकत होते आणि मला वाटलं, देहाबद्दल आम्हाला एवढंच सांगतात. देह म्हणजे मोह, देह म्हणजे पाप, देह म्हणजे माती. आणि मध्येच कधीतरी, देह हे देवाचं मंदिर आहे, असंही सांगतात. तेही दारू पिणाऱ्यांना धाकात घ्यायला. त्या मंदिराची फरशी कोणी पुसायची, ते कोणी सांगत नाही.

संध्याकाळी कामावरून आले की मी मोरीशी पाटावर बसायची. कोमट पाणी, साबण, जुन्या मऊ धोतराचं फडकं, आणि मुलीचा हातातला आरसा. आधी मला लाज वाटायची. एवढी वर्षं जगले, पण स्वतःचे तळवे कधी बघितले नव्हते. भाकरीचे, फरशीचे, नवऱ्याच्या आजारपणाचे सगळे दिवस ज्यांच्यावर उभी राहिले, ते कसे दिसतात हेच ठाऊक नव्हतं. आरशात बघितलं तर भेगा, कुरूप, एक जुना काळा डाग. मला आईच्या पायाची आठवण झाली.

पाय पुसताना एक गोष्ट मनात आली. शेवटच्या जेवणाच्या आधी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलं आहे. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी त्यावर प्रवचन असतं. पाळकसाहेब धुण्यावर बोलतात, नम्रतेवर बोलतात, सेवेवर बोलतात. पण त्या गोष्टीत प्रभूने कमरेला रुमाल बांधला होता. धुतले आणि पुसले. त्यावर मी एकही प्रवचन ऐकलेलं नाही. रुमाल कशाला बांधला असेल? ओल राहू नये म्हणूनच ना? नुसतं नम्रता दाखवायची असती तर पाणी ओतून भागलं असतं. पुसायला पाय हातात धरावा लागतो. एकेक बोट धरावं लागतं.

मी मोरीशी बसून एकेक बोट पुसायची आणि मोठ्याने प्रार्थना करायची. हो, मोठ्याने. भगिनी मंडळात जे कधी जमलं नाही ते मोरीशी जमलं. “प्रभू, हा पाय तू केलास. याला कळत नाही, तर मला कळू दे.” एवढीच प्रार्थना. रोज तीच. मुलगी एकदा बाहेरून म्हणाली, “आई, कोणाशी बोलतेयस?” मी म्हटलं, “पायाशी.” ती म्हणाली, “बरं. त्याला सांग चहा झालाय.”

पावसाळ्यात एकदा पाळकीणबाई घरी आल्या. चांगल्या बाई आहेत, येताना केळी आणली. म्हणाल्या, “ताई, केवढा तुमचा विश्वास होता! मी सगळ्यांसमोर साक्ष दिली. आणि आता तुम्ही एका चपलेसाठी बाहेर बसता? सैतान अशाच लहान गोष्टीतून शिरतो. या, हात ठेवून प्रार्थना करते. चपला काढा.”

मी म्हटलं, “प्रार्थना करा, बाई. चपला असू देत.”

“म्हणजे प्रभू बरं करेल यावर भरवसा नाही?”

मला नीट बोलता आलं नाही. मी पाय पुढे केला आणि म्हटलं, “करतोय की. रोज करतोय. मी मदतीला आहे.”

त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, पण केळी ठेवून गेल्या तेव्हा चेहरा पडलेला होता. मलाही वाईट वाटलं. मंडळी म्हणजे माझं माहेर आहे. मालक गेले तेव्हा याच लोकांनी त्यांची शवपेटी उचलली होती. पडवीत बसून सणाची गाणी म्हणताना माझा आवाज आतल्या आवाजात मिसळत नव्हता, ते मला खुपायचं.

दिवाळीच्या सुमारास जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी अंगठा वळवून वळवून बघितला आणि म्हणाल्या, “मावशी, हा राहिला तुमच्याकडे.” मी त्यांचा हात धरला. मग त्यांनी पुन्हा तो दोरा काढला, पुन्हा डोळे मिटायला सांगितले. पुन्हा मी वाट बघत राहिले. त्या म्हणाल्या, “संवेदना परत येत नाही. जखम भरली म्हणून चपला सुटल्या असं नाही. या आता कायमच्या.”

बातमी चर्चमध्ये माझ्याआधी पोचली. रविवारी थोरले भाऊ हसतमुखाने पडवीत आले. “ताई, स्तुती असो! प्रभूने बरं केलं. आता आत या. येत्या रविवारी या महिन्याचं प्रभूभोजन आहे. तुम्ही अनवाणी चालत वेदीपर्यंत या आणि मंडळीला पाय दाखवा. केवढी साक्ष होईल! पाळकीणबाईंनीही तेच म्हटलंय.”

पाळकीणबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरंच आनंद झाला होता. मला आत बोलावत होते. नुसतं बोलावत नव्हते, पुन्हा बोट करून सगळ्यांना दाखवणार होते. सहा पावलांवर सतरंजी होती, माझी जुनी जागा, खांबाला टेकून. फक्त पट्टे सोडायचे होते.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मान हलवली. ती कशीही घेता येते.

पूर्ण आठवडा मोरीशी बसून मी पायाकडे बघत होते. एक दिवस काढल्या तर काय होईल, असंही मनात आलं. बहुधा काही झालं नसतं. पण मग त्यांनी म्हटलं असतं, बघा, काही झालं नाही. आणि पुढच्या गुड फ्रायडेला डांबरावर मी सगळ्यांच्या पुढे असते. आमच्या मंडळीत शुगरवाल्या बायका काय कमी आहेत? पडवीतल्या त्यांच्या चपला मला पाठ आहेत. माझी साक्ष ऐकून त्यातल्या कोणी घरातल्याही सोडल्या असत्या. ती साक्ष मी देणार नव्हते. मरेस्तोवर देणार नव्हते.

रविवारी मी चर्चचा जोड धुऊन, उन्हात वाळवून आणला. पायरीवर पाय पुसले, चपला घातल्या, पट्टे लावले आणि सरळ आत गेले. थोरले भाऊ पलीकडच्या दारात होते, त्यांना यायला वेळ लागला. मी खांबापाशी बसले. शेजारणीने आधी माझ्याकडे, मग पायांकडे बघितलं, आणि सरकून जागा दिली.

प्रभूभोजनासाठी रांग लागली तशी मी उठले. सगळे तळवे सतरंजीवरून आवाज न करता सरकत होते आणि माझ्या चपला चप चप वाजत होत्या. वेदीशी पोचले. गुडघे टेकले.

गुडघे टेकले की तळवे मागे वर होतात. म्हणजे सगळ्या मंडळीला माझ्या गुलाबी चपलांचे तळ दिसत होते. मागे कुजबुज सुरू झाली. इतकी वर्षं मी त्याच जागी अनवाणी गुडघे टेकले होते. भेगा, कुरूप, काळा डाग, सगळं सगळ्यांसमोर उघडं होतं. कोणी बघितलं नाही. त्या दिवशी चपला मात्र एकूण एक माणसाने बघितल्या.

पाळकसाहेब माझ्यापाशी थांबले. त्यांनी खाली बघितलं, मागे कमिटीकडे बघितलं. मी ओंजळ पुढे केलेली होती. ती मी मागे घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पाळकसाहेबांच्या डोळ्यांत सरळ बघितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि पुढे सरकले.

भक्ती सुटल्यावर दारात थोरले भाऊ उभे होतेच.

“ताई, आज चारचौघांत तमाशा नको म्हणून गप्प बसलो. पुढच्या महिन्यात तरी...”

“पुढच्या महिन्यातही पाय हेच असतील, भाऊ,” मी म्हटलं.

पायरीवर बसून मी चपला बदलल्या. चर्चचा जोड फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, आणि रस्त्याचा जोड घालून घरी आले. संध्याकाळी मोरीशी बसून पाय धुतले. आरशात बघितले. मग एकेक बोट धरून पुसले.